एनओसी कुठल्या देशाची?

लग्न चर्चमध्ये नको, ही अमोलच्या वडिलांची अट. पोरगी चर्चमधूनच जाईल, ही माझ्या आईची. तसं पाहिलं तर १८७२ चा ख्रिस्ती विवाह कायदा दोघांपैकी एक जण ख्रिस्ती असला तरी चालतो, म्हणजे चर्चमधलं एकच लग्न कायद्यालाही पुरलं असतं. पण दोन घरांच्या मधोमध उभं राहायचं तर सरकारी कचेरी बरी, असं आम्ही ठरवलं. विशेष विवाह कायदा, १९५४. अर्ज ऑनलाइन भरायचा, कचेरीत जाऊन कागद दाखवायचे, नोटीस लागते, तीस दिवसांत कुणी कायदेशीर हरकत घेतली नाही की तीन साक्षीदार घेऊन जायचं. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांच्या आत उरकायचं, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. अमोलच्या मित्राचं लग्न याच कायद्याने झालं होतं. तो म्हणाला, "दोन चकरा, बास."

आमच्या चकरा वाढल्या. खिडकीपलीकडच्या मॅडमनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि अमोलला सांगितलं, "फॉरेनर असतील तर पासपोर्ट, व्हिसा आणि त्यांच्या वकिलातीची एनओसी लागेल."

"मॅडम, मी हल्याळची हो. कारवार जिल्हा," मी म्हटलं.

"मराठी छान बोलता की! किती वर्षं झाली भारतात?"

आधार कार्ड पुढे केलं तर म्हणाल्या, आधार काय, फॉरेनरलाही मिळतं. त्यांचं चुकत नव्हतं. वर्षात १८२ दिवस इथे राहिलेल्या परदेशी माणसालाही आधार काढता येतं, आणि नागरिकत्वाचा तो पुरावा नाहीच. पासपोर्ट मी कधी काढला नव्हता, मतदार कार्ड हल्याळला आईच्या ट्रंकेत. तेवढ्यात त्यांनी बाकावरच्या एका जोडप्याकडे बोट केलं. मुलगा सुदानचा, मुलगी इथलीच वाटत होती, मांडीवर जाडजूड फाइल. "बघा, तुमच्याच देशाचे ना? त्यांनी आणलीय एनओसी." तो मुलगा माझ्याकडे पाहून मनापासून हसला आणि इंग्रजीत विचारलं, सिस्टर, तू कुठली? मी म्हटलं, हल्याळ. त्याने जरा आठवून पाहिलं आणि विचारलं, हे कुठल्या देशात येतं?

मॅडमचा राग आला होता, पण त्याचा आला नाही. त्याला मी त्याची वाटले, एवढंच.

या "तुमच्याच देशाचे" प्रकरणाशी माझं जुनं भांडण आहे. पुण्यात आफ्रिकी विद्यार्थी बरेच. त्यामुळे इथे आल्यापासून रिक्षावाले माझ्याशी इंग्रजीत भाव करतात, घरमालक दारातूनच "नॉट अव्हेलेबल" म्हणतात. मी मराठी बोलले की चेहरे सैल होतात. "अहो, इंडियन आहेत या!" असं कंडक्टर मागच्याला सांगतो आणि मागचा माणूस सरकून जागा देतो. पूर्वी मला त्यात सुटल्यासारखं वाटायचं. २०१७ मध्ये ग्रेटर नोएडात जमावाने नायजेरियन विद्यार्थ्यांना मारलं, तेव्हा मी बेळगावला नर्सिंग करत होते. होस्टेलच्या मुली काळजीने म्हणाल्या, एकटी जाऊ नकोस, कुणी काही म्हटलं तर लगेच कन्नडमध्ये बोल. मी मान डोलावली. नंतर रात्री विचार करत पडले, की माझ्या कन्नडमुळे मी वाचेन, पण याचा अर्थ ज्याला कन्नड येत नाही त्याला मारायला हरकत नाही असाच झाला. तेव्हापासून "मी इंडियन आहे" हे वाक्य मी जरुरीपुरतंच वापरते. कचेरीत जरूर होती.

शेवटी कामाला आला तो हल्याळच्या तहसीलदारांनी दिलेला जातीचा दाखला. नर्सिंगच्या प्रवेशासाठी काढलेला. त्यावर लिहिलेलं: सिद्दी, अनुसूचित जमाती. उत्तर कन्नडमधल्या, म्हणजे कारवार जिल्ह्यातल्या, सिद्दींना हा दर्जा २००३ मध्ये मिळाला, त्याच्या आधीच्या पिढीच्या हातात कसलाच कागद नव्हता. दाखला बघून मॅडमच्या शंका संपल्या नाहीत, बदलल्या. नाव ख्रिश्चन, मग एसटी कशा? सांगितलं, की अनुसूचित जमातीला धर्माची अट नसते, ती अनुसूचित जातीला आहे. मग म्हणाल्या, "पण सिद्दी म्हणजे जंजिऱ्याचे ना? ते तर मुसलमान." हे मात्र त्यांनी खऱ्या कुतूहलाने विचारलं, माहेर अलिबागकडचं निघालं, लहानपणी होडीने किल्ल्यावर गेल्या होत्या. मागे रांग ताटकळत असताना आमचा सिद्दींवर तास झाला.

तो तास इथेही थोडक्यात घ्यायला हवा, कारण महाराष्ट्रात सिद्दी म्हटलं की जंजिरा, नाहीतर पन्हाळ्याला वेढा घालणारा सिद्दी जौहर, याच्यापुढे कुणाची गाडी जात नाही. आम्ही ते नव्हे. जंजिऱ्याचे नवाब होते, १९४८ पर्यंत त्यांचं संस्थान होतं. आमचे पूर्वज पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणलेले, आणि तिथून पळून घाट चढून जंगलात शिरलेले. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड, अंकोला या पट्ट्यात आम्ही आहोत. कुणी हिंदू, कुणी मुसलमान, कुणी माझ्यासारखे कॅथलिक. घरात कोकणीच्या अंगाने जाणारी बोली, शाळेत कन्नड, हल्याळच्या बाजारात मराठी. नवाब नाही, किल्ला नाही. जमीनदारांच्या शेतावर राबणं आणि जंगलातला मध, एवढाच इतिहास.

नोटीस लागली. या कायद्यातली खरी गंमत पुढेच आहे. दोघांपैकी कुणाचं कायमचं गाव दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर नोटिशीची प्रत तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे जाते आणि तिथेही लागते. म्हणजे आमची नावं पुण्यात, सातारा जिल्ह्यात आणि कारवारकडे अशी तीन ठिकाणी फळ्यावर. घरच्यांना सांगून लग्न करणाऱ्या आमचीही झोप उडाली, मग लपून करणाऱ्यांचं काय होत असेल. हल्याळमध्ये कुणीतरी नोटिशीचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला. मामाचा फोन आला. त्याची तक्रार धर्माबद्दल नव्हतीच. "हिंदूच हवा होता तर यल्लापूरचा सिद्दी बघितला असता. मुसलमान सिद्दी चालला असता. परका कशाला? दोन वर्षांनी सोडून देईल तेव्हा काय करशील?" मामाच्या बोलण्याला आधार आहे. वरच्या जातीच्या पुरुषांनी आमच्या बायकांना फसवून सोडल्याच्या गोष्टी प्रत्येक वाडीत आहेत आणि त्या नुसत्या गोष्टी नाहीत, त्यांतल्या काही जणींना मी मावशी म्हणते.

तिकडे फलटण तालुक्यात अमोलच्या काकांनी वकील गाठला. कायद्याचं कलम १९ त्यांच्या कामाचं निघालं. हिंदू एकत्र कुटुंबातल्या माणसाने या कायद्याखाली परधर्मीयाशी लग्न केलं की तो त्या कुटुंबातून विभक्त झाला असं धरतात. त्याचा वाटा बुडत नाही, एकत्रपण संपतं. काकांनी गावभर केलं, की पोरगी उसाचं रान तोडायला आली. हरकत घेता येते का, हेही त्यांनी विचारून घेतलं. हरकतीची कारणं कायद्यात मोजकी आहेत: आधीचा नवरा किंवा बायको हयात असणं, वय कमी असणं, संमती देण्याइतकं मन ठिकाणावर नसणं, निषिद्ध नात्यात असणं. काळी आहे, हे कारण त्यात बसत नाही. वकिलाने त्यांना ते पैसे घेऊन सांगितलं, मी फुकट सांगितलं असतं.

अण्णा, म्हणजे अमोलचे वडील, निवृत्त प्राथमिक शिक्षक. नोकरीभर चौथीला शिवछत्रपतींचा इतिहास शिकवला. पहिल्या भेटीत चहा झाल्यावर त्यांनी शांतपणे विचारलं, "सिद्दी म्हणजे तुम्ही कुणाच्या? जौहरच्या की जंजिऱ्याच्या?" मी तयारीने गेले होते. "हिलालच्या धरा, गुरुजी," मी म्हटलं. पन्हाळ्याचा वेढा फोडायला नेताजी पालकरांबरोबर गेलेला तो सिद्दी हिलाल, आणि त्याचा मुलगा वाहवाह, जो त्या लढाईत घायाळ होऊन शत्रूच्या हाती लागला. अण्णा आतून उठून आल्यासारखे पुढे सरकले. अफजलखानाच्या भेटीला महाराजांच्या निवडक अंगरक्षकांत सिद्दी इब्राहिम होता, हे त्यांनीच मला ऐकवलं. पुढचा तासभर आम्ही पन्हाळ्यावरच होतो आणि सासूबाई दोनदा येऊन जेवायला उठा म्हणून गेल्या.

परीक्षेत पास झाले. घरी परतताना मात्र जीव कडू झाला होता. हिलालशी माझा संबंध काय? माझा खापरपणजोबा कुठल्याही वेढ्यात नव्हता. तो कुणाच्या तरी बंगल्यातून, बहुतेक रात्रीचा, पळाला. मला आत घ्यायला एखादा सरदार सोबत आणावा लागतो, हे मला तेव्हा लागलं ते अजून लागतं. अमोलही याच नादात मला एकदा खुलताबादला मलिक अंबरची कबर दाखवायला घेऊन गेला. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला, पुढे निजामशाहीचा कर्ता माणूस, १६१० मध्ये खडकी वसवणारा, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर. थोर माणूस, शंकाच नाही. कबरीपाशी वारा छान होता. मी अमोलला म्हटलं, हा नसता तर तू माझ्याशी लग्न केलं नसतंस का? तो चाचरला आणि म्हणाला, मला वाटलं तुला बरं वाटेल.

मला बरं वाटावं म्हणून लोक फार कष्ट घेतात. अमोलची आत्या वारकरी, ती पहिल्याच दिवशी माझा हात हातात घेऊन म्हणाली, "आपला विठ्ठल काळाच की गं!" आत्या प्रेमळ आहे, तिला काय बोलणार. पण देव काळा असलेला चालतो, कारण तो सून म्हणून घरात येत नाही.

देवाचं म्हणाल तर माझा देव लहानपणी गोरा होता. तालुक्याच्या गावी सिस्टरांच्या बोर्डिंगात होते, तिथे नाताळात गव्हाणीचं नाटक व्हायचं. बाळ येशूला भेटायला येणाऱ्या तीन राजांतला एक काळा असतो. दरवर्षी तो राजा मी. मिशी काढायची, आईस्क्रीमच्या डब्याला सोनेरी कागद लावून त्यात ऊद. देवदूत व्हायचं होतं, पंख घालून बघितलेही होते एकदा कुणी नसताना. देवदूताला संवाद जास्त असायचे. "तुला रंग फासावा लागत नाही ना," असं कारण मिळायचं, आणि सांगणाऱ्याला ते कौतुक वाटायचं. मी प्रार्थनेत गोरं कर असं कधी मागितलं नाही. मला माहीत होतं की मागण्यासारख्या गोष्टी दुसऱ्या आहेत, उदाहरणार्थ बाबांचं पिणं. पण प्रार्थना करताना डोळ्यापुढे जो यायचा तो निळ्या डोळ्यांचा होता, आणि तो माझ्याकडे दयेने बघायचा. ती दया मला कधी सोसली नाही.

बेळगावला एका वयस्कर सिस्टरने मला संत जोसेफिन बखिताचं चित्र दिलं. पुन्हा तेच, काळीला काळी संत, असं म्हणून मी ते पुस्तकात दाबून ठेवलं. तिची गोष्ट पुष्कळ उशिरा वाचली. सुदानच्या दार्फुरची मुलगी, लहानपणी पळवून नेली, हातोहात विकली गेली, अंगभर माराच्या खुणा. एका इटालियन अधिकाऱ्याच्या हाती लागून ती इटलीत पोचली. व्हेनिसमध्ये सिस्टरांकडे ठेवलेली असताना मालकीण न्यायला आली, तर ही जायला तयार होईना. प्रकरण कोर्टात गेलं आणि १८८९ मध्ये निकाल लागला की इटलीच्या कायद्यात गुलामगिरी नाही, सुदानातही ती हिच्या जन्माआधीच बंद ठरवलेली, तेव्हा ही बाई कायद्याने कधी गुलाम नव्हतीच. पुढच्या वर्षी तिचा बाप्तिस्मा झाला, पुढे ती सिस्टर झाली, २००० मध्ये संत. लोक तिच्या क्षमेबद्दल बोलतात. मला ती आवडते ती त्या "नाही येत" साठी. ज्या बाईला एवढी वर्षं कुणी विचारलं नव्हतं, तिने विचारल्याबरोबर नाही म्हटलं. चित्र आता पाकिटात असतं. आमच्या पळून आलेल्या खापरपणजोबाचं चित्र नाही, म्हणून हेच.

चर्चचीही कागदपत्रं निघालीच. बाप्तिस्मा न झालेल्या माणसाशी लग्न करायचं तर बिशपांची खास सूट लागते, बाप्तिस्म्याचा दाखला सहा महिन्यांच्या आत काढलेला लागतो, लग्नापूर्वीचा कोर्स करावा लागतो. मला लिहून द्यावं लागलं की मी माझी श्रद्धा सोडणार नाही आणि मुलांना त्यात वाढवायचा होईल तेवढा प्रयत्न करीन. अमोलला फक्त हे माहीत आहे एवढं नोंदवायचं होतं. तो म्हणाला, "होईल तेवढा म्हणजे किती, हे फादरना विचारू का?" फादर हसले, म्हणाले, घरात भांडण होईपर्यंत.

अमोलबद्दल फार लिहिलं तर त्याला संकोच होईल. आमच्या इस्पितळात तो डायलिसिसची यंत्रं दुरुस्त करायला यायचा. एका पेशंटच्या मुलाने "आपल्याकडची सिस्टर पाठवा" असं म्हटलं होतं आणि इन्चार्जने वाद नको म्हणून माझी ड्यूटी रात्रीची केली होती. माझ्या बाजूने भांडणारे तेव्हा दोन-तीन जण निघाले, आणि त्यांची समजूत घालण्यातच माझा दिवस गेला. अमोलने विचारलं, रात्री कॅन्टीन बंद असतं, मग तू जेवतेस काय? मला तोच प्रश्न हवा होता. त्याचे दोषही आहेत. रिक्षात माझ्या आधी तोच घाईने सांगायचा, "ही इंडियनच आहे हां." मी एकदा भर सिग्नलला रिक्षा थांबवून उतरले. मग त्याने सोडलं. आता रिक्षावाला इंग्रजीत बोलला की तो खिडकीबाहेर बघतो आणि मी म्हणते, "दादा, मीटर टाका की."

सासूबाईंनी मनातलं एकदाच विचारलं, तांदूळ निवडताना, माझ्याकडे न बघता. "पोरं कुणावर जातील गं?" सगळ्या घरात हा प्रश्न महिनाभर फिरत होता, विचारायचं धाडस त्यांचंच. मी म्हटलं, "केस माझ्यावर गेले तर फणी तेवढी मोठ्या दातांची घ्यावी लागेल." त्यांनी सूप खाली ठेवलं आणि माझ्या वेणीला हात लावून पाहिला. बराच वेळ. "कापसागत आहेत की मऊ," म्हणाल्या, "मला वाटलं टोचत असतील."

लग्नाच्या दिवशीसाठी नणंदेने पार्लरवाली बोलावली होती. तिने पेटी उघडली, माझ्या मनगटावर एकेक रंग लावून पाहिला. पहिला राखेसारखा दिसला, दुसरा पिवळा, तिसरा बरा होता पण तो तिने पुसून टाकला. "याने डार्क दिसाल. आपण दोन शेड वर जाऊ, फोटोत उजळ येईल." गळा, कान, हात सगळीकडे तोच थर द्यायचा असा तिचा बेत होता, केस इस्त्री करायचं यंत्र तापत ठेवलेलं. मी विचारलं, दोन शेड वरचं लावून सही केली आणि उद्या मॅडम म्हणाल्या की फोटोतली बाई वेगळी आहे, तर? ती पोरगी खळखळून हसली. शेवटी काजळ, लिपस्टिक आणि गजरा. गजरा माझ्या केसांत पिनेने टिकत नाही, सुईदोऱ्याने टाचावा लागतो. आई आंबाड्याला टाचते तसा. त्या पोरीला हे माहीत नव्हतं, मी आरशात बघून तिला शिकवलं. तिने मोबाइलवर व्हिडिओ काढून घेतला, कामाला येईल म्हणून.

कचेरीतला विधी पटकन होतो. साहेबांसमोर आणि साक्षीदारांसमोर दोघांनी म्हणायचं, की मी तुला माझा कायदेशीर पती, माझी कायदेशीर पत्नी म्हणून स्वीकारते, स्वीकारतो. आपल्याला कळेल त्या भाषेत म्हणता येतं. अमोल मराठीत म्हणाला, मी आमच्या बोलीत म्हटलं आणि साहेबांसाठी पुन्हा मराठीत. साक्षीदार तिघं: माझी मैत्रीण, त्याचा मित्र आणि अण्णा. अण्णांनी चष्मा पुसून पूर्ण प्रमाणपत्र वाचलं, माझ्या गावाच्या नावात एक काना राहिला होता तो दाखवला, आणि दुरुस्त प्रत हातात आल्याशिवाय सही करायला नकार दिला. आम्ही जेवणाच्या सुट्टीभर व्हरांड्यात बसलो.

हल्याळला चर्चमधला विधी पुढच्या आठवड्यात झाला, मिस्सेशिवाय, म्हणजे चर्चमधल्या पूर्ण उपासनेशिवाय, कारण नवरदेव ख्रिस्ती नाही. संध्याकाळी डमामी, म्हणजे आमचा ढोलावरचा नाच, सुरू झाली. आजीने जुन्या कपड्यांच्या तुकड्यांची कवंदी, म्हणजे आमची गोधडी, शिवून ठेवली होती, चारी कोपऱ्यांना कापडाची फुलं लावून. फुलं नसतील तर ती उघडी दिसते म्हणते. त्यात एक तुकडा माझ्या बोर्डिंगातल्या राजाच्या झग्याचा निघाला. अमोलच्या आत्याने नाचात फेर धरला, मामा मात्र शेवटपर्यंत भिंतीला टेकून अमोलला न्याहाळत होता. जाताना त्याने अमोलला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. काय, ते अमोल अजून सांगत नाही.

काकांनी आमच्या हातचं पाणीसुद्धा घेतलेलं नाही. जमिनीची वाटणी मोजून झाली, बांध पडला, अमोलच्या वाट्याला विहिरीकडची बाजू आली आणि त्यावरून आणखी एक भांडण सुरू आहे. दिवाळीला जाणार आहोत. सासूबाई म्हणतात, त्यांच्याकडे फराळाचं ताट तू घेऊन जा. मी नेईन. दारात ठेवायला सांगितलं तर परत आणीन, करंज्या महाग झाल्यात.